महामंदीच्या काळावर कथा लिहायचीय? आधी पात्राचा जमाखर्च मांडा

अमेरिकेतल्या महामंदीवर कथा लिहायला बसलेल्या नवख्या लेखकाच्या डोळ्यांपुढे काय येणार, हे जवळपास ठरलेलं असतं. सूपसाठी लागलेली रांग, धुळीचं वादळ, टपावर गाद्या बांधलेली खटारा मोटार आणि १९२९ साली खिडकीतून उडी टाकणारा शेअर दलाल. यातला शेवटचा बराचसा दंतकथेतला आहे. त्या शरदात न्यूयॉर्कमध्ये आत्महत्यांची लाट वगैरे आली नव्हती. देशातला आत्महत्यांचा दर चढत गेला तो पुढे, १९३२ पर्यंत. बाकीची दृश्यं खरी आहेत. पण ती वेगवेगळ्या वर्षांतली आणि हजारो मैलांवरच्या गावांतली आहेत. एकाच कुटुंबाच्या वाट्याला ती सगळी आली, की वाचकाला दहाव्या पानावर संशय येतो.

दिवाळी अंकासाठी म्हणा, स्पर्धेसाठी म्हणा किंवा नोकरीनिमित्त राहत असलेल्या शहराचा इतिहास वाचून सुचलं म्हणून म्हणा, या काळावर लिहायचं असेल तर मी एक क्रम सुचवतो. माझं मत सरळ आहे: त्या काळातलं रोजचं जगणं म्हणजे मुख्यतः पैशाची ओढाताण. कोण किती कमावतं, कुणाचं किती देणं आहे आणि आज रोख किती आहे, एवढं पक्कं असेल तर ताटात काय वाढायचं आणि अंगावर काय घालायचं, हे फारसं शोधत बसावं लागत नाही.

महिना आणि गाव ठरवा

‘तीसचं दशक’ ही काही कथेची वेळ झाली नाही. वर्ष ठरवा, जमलं तर महिनाही.

२९ ऑक्टोबर १९२९ ला शेअर बाजार कोसळला, पण दुसऱ्या दिवशी कारखाने बंद पडले नाहीत. १९३० मध्ये अनेकांना वाटत होतं, की हे वर्ष-दीड वर्षात निस्तरेल. खरी घसरण १९३१ पासून १९३३ च्या मार्चपर्यंतची. १९३३ मध्ये दर चार कामगारांपैकी साधारण एक बेकार होता. मग रुझवेल्ट अध्यक्ष झाले, १९३७ पर्यंत गाडी हळूहळू रुळावर आली, आणि १९३७-३८ मध्ये पुन्हा घसरली. १९३१ चा बेकार आणि १९३८ चा बेकार यांची निराशा एकाच जातीची नसते. पहिल्याला धक्का बसलेला असतो, दुसऱ्याला कंटाळा आलेला असतो.

गावाचंही तसंच. धुळीचा पट्टा म्हणजे ओक्लाहोमा आणि टेक्सास यांच्या उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्ट्या, नैर्ऋत्य कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो आणि ईशान्य न्यू मेक्सिको. धुळीच्या वादळाचा कुप्रसिद्ध ‘काळा रविवार’ १४ एप्रिल १९३५ चा. आणि गंमत अशी, की कॅलिफोर्नियाकडे गेलेल्या, ‘ओकी’ म्हणून हिणवलेल्या स्थलांतरितांपैकी बहुतेक या पट्ट्यातले नव्हतेच. ते पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेक्सास इथले कूळ शेतकरी होते. कापसाचे पडलेले भाव, दुष्काळ, जमीनमालकाने आणलेला ट्रॅक्टर आणि लागवड कमी करण्यासाठी सरकारने मालकाला दिलेले पैसे, या सगळ्यांनी मिळून त्यांना उठवलं. तुमचं कुटुंब पूर्व ओक्लाहोमातलं असेल, तर त्याला धुळीच्या वादळाने घराबाहेर काढू नका. मालकाच्या नोटिशीने काढा. गोष्टही जास्त चांगली होते.

या लेखापुरतं आपण डेट्रॉइट घेऊ, फेब्रुवारी १९३३. कारण सांगतो. १४ फेब्रुवारीला, मंगळवारी, मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या. देशभरातल्या बँका बंद झाल्या त्या ६ मार्चला. म्हणजे डेट्रॉइटच्या घरांत रोख रकमेची चणचण उरलेल्या देशाच्या जवळजवळ तीन आठवडे आधी सुरू झाली. शहरातल्या दोन बड्या बँका तर पुन्हा कधीच उघडल्या नाहीत. ठेवींवर विमा नव्हता. तो लागू झाला १ जानेवारी १९३४ ला. हे तीन आठवडे ज्या लेखकाच्या हातून निसटतात, त्याच्या कथेतला डेट्रॉइटचा माणूस फेब्रुवारीअखेर शांतपणे बँकेतून पैसे काढून आणतो.

मग वही उघडा

एक कोरं पान घ्या आणि त्या कुटुंबाचा एका आठवड्याचा हिशोब लिहा. हे पान कथेत जाणार नाही, पण कथा त्याच्यावर उभी राहील.

समजा, बाप मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याला पूर्ण बेकार करू नका. त्या काळातल्या कथा-सिनेमांत एकतर नोकरी असते नाहीतर नसते; प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीन दिवस काम, अशी अर्धवट अवस्था फार लोकांची होती. कारखान्यातली सरासरी मजुरी तेव्हा तासाला ४४ सेंटच्या आसपास. दोन दिवस, आठ-आठ तास, तासाला ४५ सेंट धरले तर आठवड्याचे ७ डॉलर २० सेंट. माडीवरच्या खोलीत एक भाडेकरू ठेवलाय, जेवणासकट, तो ३ डॉलर देतो असं धरू. जमा १० डॉलर २० सेंट.

आता खर्च. ब्रेड एका पौंडाला सुमारे ७ सेंट. दारात येणारं दूध क्वार्टला, म्हणजे जवळपास लिटरला, १० सेंटच्या आसपास. कॉफी पौंडाला २६, अंडी डझनाला २९. वाचताना ‘अहाहा, काय ती स्वस्ताई’ असं वाटलं, तर थांबा आणि मजुरीने भागून पाहा. एक पौंड कॉफी म्हणजे या माणसाची अर्ध्या तासाहून जास्त मजुरी, आणि त्याच्याकडे विकायला आठवड्यात सोळाच तास आहेत. आजच्या दराने रुपयांत गुणाकार करण्याचा मोह तर अजिबात नको. त्यातून काहीही कळत नाही.

पुढे कोळसा. डेट्रॉइटचा फेब्रुवारी आहे. भट्टी पूर्ण पेटवणं परवडत नाही, म्हणून घर आक्रसत जातं: बैठकीची खोली बंद, सगळे स्वयंपाकघरात. मग रेडिओचा हप्ता. मग दर आठवड्याला दारावर येणारा विमा एजंट, जो दहा सेंट घेऊन छोट्या पुस्तिकेत टिक करतो. ही अंत्यविधीपुरती पॉलिसी गरीब घरं शेवटपर्यंत सोडत नसत; दूध कमी करत, पण एजंटचं नाणं बाजूला काढून ठेवत. शेवटी वाण्याची उधारी. कोपऱ्यावरचा दुकानदार हे या काळातलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र आहे. अर्धी गल्ली त्याच्या वहीवर जगते आणि घाऊक व्यापारी त्याच्या मानेवर बसलेला असतो.

आता या पानावर १४ फेब्रुवारी आणा. मजुरी चेकने मिळाली असेल, तर तो वटवणार कोण? भाडेकरू म्हणतो, ‘बँक उघडली की देतो.’ वाणी म्हणतो, ‘माझंही तिथंच अडकलंय.’ कथानक आपोआप सुरू झालं की नाही?

एक सावधगिरी. सगळेच भिकेला लागले होते असं नाही. १९२९ ते १९३३ मध्ये किमती साधारण चतुर्थांशाने उतरल्या, त्यामुळे ज्याचा पगार शाबूत होता त्याची उलट चैन झाली. पगार नियमित मिळणारा पोस्टमन शेजारी ठेवा. त्याने नवीन ओव्हरकोट घेतला, की गल्लीत काय होतं ते लिहा. आणि १९३१ च्या पात्राला केंद्र सरकारची बेकारी मदत देऊ नका. १९३३ च्या आधी मदत म्हणजे मुख्यतः शहर, काउंटी, चर्च आणि धर्मादाय संस्था. ती मिळण्याआधी घरी तपासनीस बाई येई, कपाटं उघडून बघे आणि रेडिओकडे बोट दाखवून विचारी, ‘हा कसा काय परवडतो?’

घरातून एक फेरी मारा

सकाळी दार उघडलं. पायरीवर दुधाची काचेची बाटली. तेव्हाच्या दुधावर साय वर चढून बसायची आणि कडाक्याच्या थंडीत दूध गोठलं, की साईचा घट्ट दंडगोल बाटलीच्या गळ्यातून वर येऊन कागदी बुचाला डोक्यावर घेऊन उभा राहायचा. पोरं तो आधी खायला टपलेली. माझ्या मते असा एक तपशील ‘त्या वर्षी फार थंडी होती’ या वाक्याच्या दसपट काम करतो.

स्वयंपाकघरात विजेचा फ्रीज असेल का? १९२७ पासून ते घराघरात जाऊ लागले होते, पण आपल्या कुटुंबाकडे लाकडी बर्फपेटी धरावी. उन्हाळ्यात खिडकीत एक चौकोनी पुठ्ठा लावायचा; चारी बाजूंना २५, ५०, ७५, १०० असे आकडे. जो आकडा वर, तेवढे पौंड बर्फ, बर्फवाल्याने रस्त्यावरूनच ओळखायचं. पेटीखालचं पाण्याचं तसराळं रोज ओतायचं. विसरलं, तर फरशीवर तळं. पण आपली कथा फेब्रुवारीतली. हिवाळ्यात पैसे वाचवणारी बाई बर्फ कशाला घेईल? खिडकीबाहेर फळीची पेटी ठोकून लोणी-दूध तिथंच ठेवणार.

ताटात ओट्सची लापशी, बीन्स, बटाटे, कोबी, मक्याचा पाव, कालच्या हाडांचं सूप. उन्हाळ्याची कथा असती, तर बागही आली असती: डेट्रॉइटचे महापौर फ्रँक मर्फी यांनी बेकारांना भाजी पिकवायला शहरातल्या मोकळ्या जागा दिल्या होत्या.

कपड्यांत नवखे लेखक हमखास घसरतात आणि सगळ्यांना चिंध्या घालतात. शहरातल्या पावाच्या रांगेचे खरे फोटो बघा: ओव्हरकोट, टाय, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर हॅट. गरिबी आतून असायची. बुटाच्या तळाला पुठ्ठा. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी शिवलेली. चादर मधोमध विरली की फाडून, कडेच्या बाजू मध्ये घेऊन पुन्हा शिवलेली. पिठाच्या पोत्याचे फ्रॉक खरेच आहेत, पण ते मुख्यतः खेड्यातले. शहरात पीठ छोट्या पिशवीतून येई.

वीज? शहरातल्या बहुतेक घरांत होती. शेतावरच्या दहा घरांपैकी नऊ घरांत १९३५ च्या सुमारालाही नव्हती. तेव्हा आयोवातल्या शेतघरात दिव्याचं बटण दाबण्याआधी दोनदा विचार करा. टेलिफोनची कहाणी उलटी: १९३० मध्ये दहांतल्या चार घरांत होता, १९३३ पर्यंत तीनच घरांत उरला. फोन असून गेलेलं घर, भिंतीवर त्याची फिकट चौकट राहिलेलं, हे त्या वर्षाचं अगदी बरोबर घर आहे.

फोटोंवर आंधळा विश्वास नको

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर या काळातल्या सरकारी छायाचित्रांचा प्रचंड संग्रह आहे, सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह, फुकट. तो बघाच. फक्त एक लक्षात ठेवा. हे फोटो काढवून घेणारं खातं सुरू झालं १९३५ मध्ये, आणि त्याचा रोख शेतकऱ्यांवर होता. म्हणजे मंदीचा सगळ्यात वाईट काळ, १९३२-३३ चा शहरी हिवाळा, त्या संग्रहात नाही. तरी आपण डेट्रॉइटच्या १९३३ च्या कामगाराला १९३६ च्या कॅलिफोर्नियातल्या शेतमजुराचा चेहरा चिकटवतो.

सर्वांना माहीत असलेला तो फोटो, दोन मुलं खांद्याशी बिलगलेली आणि हनुवटीला हात लावून दूर बघणारी आई, डोरोथिआ लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथल्या वाटाणे तोडणाऱ्यांच्या तळावर काढला. ती बाई धुळीच्या वादळातून पळालेली असेल असं आपण धरून चालतो. ती मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी या मूळनिवासी अमेरिकी जमातीच्या वंशाची, आणि वादळांच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच कॅलिफोर्नियात आलेली होती. फोटोतला खांबाला धरलेला एक अंगठा नंतर निगेटिव्हवरून पुसण्यात आला. फोटो खोटा नाही. तो एका हेतूने काढलेला आहे, एवढंच.

त्यापेक्षा रुक्ष गोष्टी जास्त उपयोगी पडतात. टपालाने माल विकणाऱ्या ‘सीअर्स’ कंपनीचा त्या सालचा कॅटलॉग: कढईपासून बूट-बनियनपर्यंत चित्रासह किंमत. जुन्या स्थानिक दैनिकांतल्या वाण्यांच्या जाहिराती आणि ‘खोली भाड्याने’चे रकाने. १९३० च्या जनगणनेत घरात रेडिओ आहे का, हा प्रश्न होता; ती पानं आता खुली आहेत आणि एका रस्त्यावर कोण कुठून आलेलं, काय काम करणारं राहत होतं ते घराघराने वाचता येतं. दशकाच्या शेवटी सरकारने बेकार लेखकांना कामाला लावून सामान्य माणसांच्या मुलाखती लिहून घेतल्या, त्याही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. बोलण्याची लय पकडायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. मात्र ती लय मराठीत आणताना ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याला वऱ्हाडी बोलायला लावू नका. वाचक थेट अकोल्याला जाऊन पोचतो.

पात्राला उद्याचं माहीत नसतं

फेब्रुवारी १९३३ मध्ये रुझवेल्ट निवडून आलेले आहेत, पण शपथ ४ मार्चला. अजून हूवरच अध्यक्ष. नवे अध्यक्ष काय करणार, कुणालाच ठाऊक नाही. त्यांचं रेडिओवरचं पहिलं घरगुती भाषण १२ मार्चला, रविवारी रात्री, बँकांबद्दलच. त्याआधी कुणाच्या भिंतीवर त्यांची तसबीर लावून हात जोडायला लावू नका.

रेडिओवर दुसराही एक आवाज आहे. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकचे फादर कॉफलिन दर रविवारी बोलतात आणि लाखो लोक ऐकतात. पुढे ते रुझवेल्टच्या कट्टर विरोधात आणि उघड ज्यूद्वेषाकडे गेले, पण या महिन्यात ते रुझवेल्टचेच भाट आहेत. कॅथलिक कामगाराच्या घरात त्यांना मान आहे. तुमच्या पात्राने त्यांच्याबद्दल आत्ताच शहाणपणा दाखवला, तर तो तुमचा शहाणपणा आहे, त्याचा नव्हे. पोरांना मात्र या कशाचं देणंघेणं नाही. जानेवारीअखेर डेट्रॉइटच्याच एका केंद्रावर मुखवटा घातलेल्या घोडेस्वाराची मालिका सुरू झाली आहे.

गल्लीत आणखी कोण राहतं?

इथं पाल्हाळ लावत नाही, पण ही पायरी गाळू नका. काळ्या कामगारांना सगळ्यात आधी काढत आणि सगळ्यात शेवटी घेत. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार वगळले गेले. १९३२ च्या कायद्यानुसार नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत असतील, तर कपातीत त्यांच्यातल्या एकाला आधी घरी पाठवत, आणि ती बहुधा बायकोच असे. डेट्रॉइटमधून १९३२ मध्ये मेक्सिकन कुटुंबं आगगाड्यांत बसवून परत पाठवली गेली. त्याच हिवाळ्यात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा शहराच्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर मोटार कारखाना रंगवत होता, फोर्ड घराण्याच्या पैशावर. आणि जेमतेम वर्षापूर्वी, ७ मार्च १९३२ ला, फोर्डच्या कारखान्यावर गेलेल्या बेकारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. हे सगळं एका ट्रामच्या अंतरात.

वस्तूंची झडती

मसुदा झाला, की फक्त वस्तू शोधत एकदा वाचा. प्रत्येक नामाखाली बोट ठेवा आणि विचारा, हे तेव्हा होतं का?

बॉलपेन अमेरिकेत विकायला आला १९४५ मध्ये. पात्र पेन्सिलीने किंवा शाईच्या पेनने लिहील. नायलॉनचे पायमोजे १९४० चे. त्याआधी रेशमी, आणि त्यांची उसवण बायका हुकने उचलत. पेनिसिलिन नाही. सल्फा औषधंही १९३६ अखेरपर्यंत सामान्य माणसाच्या कानावर नाहीत, त्यामुळे पायाला खिळा लागणं ही तुमच्या कथेत किरकोळ घटना असू शकत नाही. डब्यातलं ‘स्पॅम’ मांस १९३७ चं. बिअरचा पत्र्याचा डबा १९३५ चा, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये तर बिअरच बेकायदा. केंद्राच्या कायद्याने सौम्य बिअरला ७ एप्रिलपासून वाट मोकळी झाली आणि देशपातळीवरची दारूबंदी उठली ५ डिसेंबरला. तोवर डेट्रॉइटची दारू नदीपलीकडून, कॅनडातल्या विंडसरहून येते. किमान वेतन १९३८, तासाला २५ सेंट. सरकारी पेन्शनचा पहिला मासिक चेक १९४०. उलट, कापलेला पाव १९२८ पासून आहे, तो बिनधास्त वापरा.

पत्राचं तिकीट ६ जुलै १९३२ पासून दोनाचं तीन सेंट झालं. पोस्टकार्ड मात्र एका सेंटलाच राहिलं. आपल्या वहीतला बाप भावाला पत्र लिहील की कार्ड? कार्ड. म्हणजे पोस्टमनसकट सगळ्यांना वाचता येईल असंच काहीतरी तो लिहील, आणि बँकेचा विषय टाळेल.

मराठी माणूस आणायचाच असेल तर

हा मोह मराठी लेखकाला होणारच. आणा, पण कायदा बघून. १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायचा रस्ता बंद केला होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, ते मिळण्याची सोय झाली थेट १९४६ मध्ये. तिथं असलेले भारतीय म्हणजे मुख्यतः कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी, आणि जहाजं सोडून उतरलेले बंगाली मुसलमान खलाशी, ज्यांच्यातले काही डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतही होते. मराठी माणसं थोडी. मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे न्यूयॉर्कमध्ये होते आणि १९३५ साली तिथंच वारले.

सगळ्यात सोपं पात्र म्हणजे विद्यार्थी, आणि डेट्रॉइटजवळच्या ॲन आर्बरला तर विद्यार्थिनीसुद्धा चालेल. मिशिगन विद्यापीठात आशियातल्या मुलींसाठी बार्बर शिष्यवृत्ती होती. केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल तिच्यावरच शिकल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन गेल्या. तुमची नायिका अमरावतीची असू द्या, वडिलांचा कापूस. आता तिचीही वही लिहा. शिष्यवृत्तीला घरून थोडी जोड येते. इकडे कापसाचे भाव पडलेत. रुपया पौंडाला बांधलेला, १ शिलिंग ६ पेन्स. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली किंमत सोडली, आणि पौंड घसरला, तसा त्याला बांधलेला रुपयाही घसरला. आधी डॉलरला पावणेतीन रुपयांच्या आत पडत, १९३२ च्या अखेरीस जवळपास चार. म्हणजे वडिलांनी तेवढेच रुपये पाठवले, तरी तिच्या हातात डॉलर कमी. त्याच काळात घराघरांतलं सोनं मोडलं जात होतं आणि मुंबई बंदरातून बाहेर चाललं होतं. आईच्या पाटल्या विकल्या हे तिला कळवायचं की नाही, हा घरातला वाद तिकडे तिच्या अपरोक्ष होऊ द्या. उत्तर अटलांटिकवर नियमित विमानटपाल १९३९ पर्यंत नाही, तो टप्पा जहाजानेच. जानेवारीत अमरावतीहून निघालेला ड्राफ्ट तिला मिळेल तेव्हा तो वटवायला मिशिगनमध्ये एकही बँक उघडी नसेल.